चेस्टरच्या रिटर्नमधला टोप

बर्निसने समोरच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मान वर न करताच पुढच्या माणसाला बसायची खूण केली. बसला तो चेस्टर.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बर्निससारखे स्वयंसेवक दर मार्चमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देत, आणि जे टेबल रिकामे होईल तिथे पुढच्याने जायचे, असा रिवाज होता. शेजारच्या टेबलावरची डेल्फिन चष्म्यावरून बघत कुजबुजली, “तुझा नवरा होता ना हा? माझ्याकडे पाठव.”

“राहू दे,” बर्निस म्हणाली. इतक्या वर्षांनी आयता ताटात पडलेला घास ती दुसऱ्याच्या पानात वाढणार नव्हती.

“बर्निस! तू इथे?”

“ओळखपत्र दाखवा.”

“आता आपण अहो-जाहो करायचं?”

“तुमचं आणि पत्नीचं, दोघांचंही.”

त्याने खिसे चाचपून दोन्ही काढली. फोटोत लॉरेनचे तांबूस कुरळे केस खांद्यांवर पसरले होते. चर्चच्या गायकांत ते पुढच्या ओळीत झळकत आणि चेस्टर, तेव्हा बर्निसचा नवरा, देवाकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघत गाई. बर्निसच्या डोक्यावर त्या वर्षी एकही केस नव्हता.

पेन्शन झाली, बँकेचे व्याज झाले, घरपट्टी झाली. चेस्टरने मांडीवरची फुगलेली पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

“त्यात काय आहे?”

“लॉरेनच्या दवाखान्याची बिलं.” त्याचा आवाज उतरला. “कॅन्सर आहे तिला. पण शेजारी म्हणतो, आपल्यासारख्यांना बिलांचा काही उपयोग नसतो.”

“केंद्राच्या रिटर्नमध्ये नसतो,” बर्निस म्हणाली आणि थांबली.

तेवढे खरेच होते. पण न्यू जर्सी राज्य उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवरचा औषधोपचाराचा सगळा खर्च वजा करू देते, हे ती इथे रोज कुणाला तरी सांगत असे. आज सांगितले नाही तर? राज्याच्या रिटर्नमधली एक ओळ कोरी ठेवायची, बस्स. दोघांच्याही खिशाला कात्री लागेल आणि त्यांना जन्मात कळणार नाही. बर्निसला आतून अगदी गोड गोड वाटले.

“मीसुद्धा तिला तेच सांगितलं,” चेस्टरला हुरूप आला. “तर बाईसाहेबांनी टोपाचं बिलही त्यात कोंबलंय. नकली केसांचा टोप! मी म्हटलं, केस म्हणजे काही औषध नव्हे. सरकार असले नखरे मानत नाही. अजून खोक्यातच आहे तो. आज जाता जाता दुकानात परत देऊन टाकतो.”

बर्निसची बोटे कीबोर्डवरच थांबली.

शब्दन् शब्द तोच होता. बर्निसच्या कॅन्सरच्या वर्षी स्वयंपाकघरात रिटर्न भरायला बसलेल्या चेस्टरने तिच्या टोपाचे बिलही असेच बाजूला फेकले होते, आणि दुसऱ्या दिवशी टोप खोक्यासकट परत नेला होता. ईस्टरच्या आदल्या दिवशी अंड्या-सॉसेजची टोपली पाद्र्याच्या आशीर्वादाला घेऊन ती रुमाल बांधून चर्चच्या रांगेत उभी राहिली, आणि गावातली सारी पोलिश वस्ती तिच्या नसलेल्या भुवयांकडे टकमक बघत राहिली. टोप औषधोपचारातच धरतात, हे तिला कळले इथल्या प्रशिक्षणात, तो सोडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन त्याचा मागे राहिलेला बिअरचा मग भिंतीवर फोडला होता.

“लॉरेन कुठे आहे?”

“गाडीत. लोकांत यायला लाजते.”

“रिटर्न दोघांचं आहे, सही तिलाही करावी लागेल. बोलवा तिला. आणि ती पिशवी वर ठेवा.”

लॉरेन लोकरी टोपी कानांपर्यंत ओढून आली आणि बर्निसला पाहून दारातच थिजली.

“ये, बस,” बर्निस म्हणाली. तिला लॉरेनची माया आली होती असे मुळीच नाही.

तिने एकेक बिल मोठ्याने वाचले: इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, दवाखान्याच्या गाडीच्या फेऱ्या. “आणि टोप. डॉक्टरांनी लिहून दिलाय?”

“दिलाय. पण चेस्टर म्हणतो की...”

“चेस्टर चुकीचं म्हणतो. माझ्या वेळीही चुकीचंच म्हणाला होता.”

चेस्टरचे कान लाल झाले. बर्निसने टोपाची रक्कम सावकाश, एकेक आकडा दाबत भरली. डेल्फिनने सगळे तपासून मान डोलावली आणि दोघांनी सह्या केल्या.

“आता नीट ऐक, चेस्टर,” बर्निसचे अहो-जाहो संपले होते. “टोपाची नोंद सरकारदरबारी झालीय. तो दुकानात परत गेला, तर हे रिटर्न खोटं ठरेल. आणि खाली सही तुझी आहे.”

“खोटं? म्हणजे काय होईल?”

“आधी पत्र येतं. मग माणसं येतात.”

पार्किंगचा दंडही त्याच दिवशी भरणारा चेस्टर तडक गाडीकडे निघाला. लॉरेन जागची हलली नाही.

“बर्निस, तेव्हा मी तुझ्याशी जे...”

“पुढचा कोण?” बर्निसने तिच्या डोक्यावरून हाक मारली.

खिडकीबाहेर चेस्टरने डिकीतून खोके काढले आणि दोन्ही हातांनी धरून गाडीत येऊन बसलेल्या लॉरेनपाशी नेले. तिने गाडीतला आरसा आपल्याकडे वळवून घेतला.

“अगं, टोप परत केला तर रिटर्न खोटं कसं ठरेल?” डेल्फिन हळूच म्हणाली. “परत मिळालेले पैसे पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचे, झालं.”

“मला माहीत आहे,” बर्निस म्हणाली. “त्याला नाही.”