हळदीनं कोंडलेला श्वास

मित्रांनो, कवठे महांकाळला नाथाजींच्या पडवीत, गंजक्या खिळ्यांच्या डब्याशेजारी फळीवर पडलेला जुना कार्बोरेटर मी. हवा आणि पेट्रोल मापात मिसळून इंजिनाला पाजायचं, एवढंच माझं काम. आईनं लेकराला दूधभात कालवून भरवावा, तसं.

भट्टीत वितळलेल्या धातूतून मी जन्मलो आणि एका हिरव्या मोटारीत बसलो. बऱ्याच हातांतून फिरत ती मोटार फौजेतून निवृत्त झालेल्या नाथाजींकडे आली. त्यांनी ती कीर्तनाच्या सेवेला लावली. मागच्या सीटवर कीर्तनकार ज्योतिबाबुवा, शेजारी पखवाज, आणि दर साली मेढ्याच्या सप्त्याला डोंगराची चढण. देवळाबाहेर मी गार होत असायचो आणि आतून टाळांचा गजर यायचा. बुवा म्हणायचे, "नाथाजी, तुमची मोटारबी ठेक्यात चालती बघा." त्या एका वाक्यावर मी कितीतरी घाट चढलो.

मग गेल्या सालची खंडेनवमी आली. नाथाजींनी गाडी धुतली, माझ्या तोंडावरची हवेची जाळी काढून उन्हात ठेवली. त्यांच्या पत्नी साळूबाई ताट घेऊन आल्या. माऊलीचा जीव मोठा आणि हातही मोठा. त्यांनी ओंजळभर हळद वाहिली, वर पाणी शिंपडलं. माझ्या बारीक भोकांत लगदा बसला. मला नमस्कार झाला आणि माझा श्वास कोंडला.

दुसऱ्या दिवशी गाडी खोकू लागली. सप्ता तोंडावर आलेला. गुंडा मिस्त्रीनं मला खोललं.

"गुंडा, काय झालं रं?" साळूबाईंनी चहा देत विचारलं. "परवा तर म्या एवढी पूजा केली."

गुंडाचं बोट पिवळं झालं होतं. त्यानं ते गुपचूप फडक्याला पुसलं. "काय न्हाई काकू. वय झालंय त्याचं."

"वय माझंबी झालंय," नाथाजी म्हणाले. "मलाबी बदलतोस का?"

"तुमचा पार्ट मिळत न्हाई, मेजर."

सगळे हसले. मित्रांनो, थोडं पेट्रोल आणि फुंकर, एवढ्यानं मी बरा झालो असतो. पण एकदा वय झालं म्हटल्यावर गुंडाला मला बदलावंच लागलं.

गुंडानं सांगलीहून जुन्या बाजारातले दोन कार्बोरेटर आणले. एक माझ्याच मापाचा, मळकट. दुसरा मोठ्या गाडीचा, घासून चकचकीत केलेला.

"ह्यो बारका बसंल," गुंडा म्हणाला. "त्यो मोठा लय पाजंल, इंजिनाला पचायचं न्हाई."

"चढाला दम लागतो, गड्या. मोठाच बसीव."

बुवांचा गळा पाहून पखवाज लावतात, हे नाथाजींना ठाऊक होतं. पण इंजिनाचा गळा त्यांनी पाहिला नाही. मोठ्याची भोकंसुद्धा जुळेनात. मध्ये पत्रा घालून, जाड कागदाचं पॅकिंग कापून गुंडानं तो कसाबसा आवळला.

मेढ्याच्या चढावर गाडी काळा धूर ओकत थांबली. बुवा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेले आणि पोचले तेव्हा कीर्तनाची वेळ टळून आरती चालली होती. त्यानंतर त्यांनी गाडीसाठी निरोप धाडला नाही. नाथाजी आता संध्याकाळी बंद मोटारीत नुसते बसून असतात. बुवांचं नाव काढत नाहीत.

काल पुन्हा खंडेनवमी झाली. बॉनेट उघडं, जाळी उन्हात. साळूबाईंची ओंजळ हळदीनं भरलेली. गुंडा शेजारीच उभा होता. त्यानं त्या ओंजळीकडे पाहिलं, मग साळूबाईंच्या भाबड्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

मित्रांनो, यंत्राला हात जरूर जोडा, पण आधी त्याचं तोंड झाका. आणि कुणाच्या मायेनं कुणाचा जीव गुदमरत असेल, तर गोड बोलून का होईना, सांगा. माझ्या घशात हळद होती, म्हणून मी बोललो नाही. गुंडाच्या तोंडात तर नुसतं प्रसादाचं खोबरं होतं.