बाबांची मुल्त्यांची जागा

आमच्या बोडो शहरात माणूस घरातली भांडणं सांगेल, पोटाचं दुखणं सांगेल, पण मुल्ते ही रानफळं कुठे मिळतात ते सांगणार नाही. ऑगस्ट लागला की अख्खं शहर गमबूट चढवून, बादल्या लपवून डोंगरापलीकडच्या दलदलींकडे पांगतं. मधाच्या रंगाची ती फळं ज्याला जिथे सापडली, ती जागा त्याची. कुणी विचारलंच तर हसून थाप मारायची, आणि ऐकणाऱ्यानेही हसून मान डोलवायची.

माझे बाबा, अर्नुल्फ, या थापांमधले बादशहा. दक्षिणेला जायचं असलं की गाडी आधी उत्तरेला काढायचे. मलाही कधी नेलं नाही. "वेळ आली की सांगेन, सुन्निवा," एवढंच. समोरच्या तोरलाइफकाकांशी तर त्यांनी याच पायी अबोला धरला. दोघे एका होडीतून मासे धरणारे जिवलग दोस्त! पण एका वर्षी बाबांच्या जागेवर आधीच कुणीतरी हात मारला होता. "तोरलाइफचंच काम," म्हणाले, आणि त्यानंतर मधला रस्ता कधी ओलांडला नाही. काकांनी पाठलाग केला असणार, असं मी समजून चालले.

यंदा बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तिथली मुल्ते एकदा खायची आणि जागा माझ्या हवाली करायची, एवढाच त्यांचा ध्यास होता. "तळ्याच्या डावीकडे, मोडक्या झोपडीच्या मागे," त्यांनी सांगितलं. मी गेले. तिथे नुसतं गवत आणि डास.

"डोळे कुठे ठेवले होतेस?" बाबा खेकसले. मग दुसरी वाट सांगितली. तिथेही ठणठणाट.

माझंही डोकं फिरलं. "आता तरी खरं सांगा! मी काय परकी आहे?"

बाबा कपाळ चोळत बसले. ते खोटं बोलत नव्हते, आठवत होते, हे मला तेव्हा कळलं. "लोकांना जे सांगायचो, तेच आठवतंय गं," ते म्हणाले. "खरं कुठलं, तेच सापडत नाही." इतका राग आला होता, तरी मला रडू फुटलं.

शेवटी मी रस्ता ओलांडला. काकांना हल्ली ऐकू येत नाही, त्यामुळे ओरडावं लागलं, "काका, बाबांची मुल्त्यांची जागा ठाऊक आहे?"

"हळू बोल, पोरी, गल्ली ऐकेल!" ते त्याहून मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत पुढे आणि मी मागे. बर्चची झाडं संपली आणि समोर दलदल पिवळीधमक पसरलेली! कितीतरी फळं पिकून जागीच सडून गेली होती.

"म्हणजे तुम्ही खरंच बाबांच्या मागावर आला होतात?" मी ओरडून विचारलं.

"मागावर? अगं, ही जागा मला माझ्या आजीने दाखवली. तुझ्या बाबाच्या लग्नात मुल्ते हवी होती, म्हणून मीच त्याला इथे आणलं."

"मग तुम्ही इतकी वर्षं आलात का नाही?"

"पुन्हा कुणी खुडून नेलं असतं, तर नाव माझंच आलं असतं ना?"

मी बादली भरली. काकांनी एकही फळ तोंडात टाकलं नाही. मी हातावर ठेवलं, तर ते त्यांनी परत बादलीत टाकलं. "आधी अर्नुल्फला विचार."

घरी मी मुल्त्यांवर साय घालून वाटी बाबांच्या हातात दिली. पहिल्याच घासाला त्यांनी डोळे मिटले. "हीच ती जागा. कुणी दाखवली?"

मी सगळं सांगितलं, काकांचं शेवटचं वाक्यसुद्धा. बाबांचा चमचा वाटीतच राहिला. "त्याचीच जागा," ते म्हणाले, "आणि मी त्यालाच चोर ठरवलं. माझे बूट आण."

मी त्यांच्या पायांत बूट चढवले. दारापर्यंत ते आले, पण पुढच्या पायऱ्या काही उतरवेनात. चौकट धरून त्यांनी हाक मारली, "तोरलाइफ!"

समोरच्या उघड्या खिडकीत काका पाठमोरे बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"थांबा, मी बोलावून आणते," मी म्हटलं.

"नको. मलाच मारू दे हाक."

आणि बाबा हाका मारत राहिले.