इंजिनाचं तोंड

आसारामनं जीपची डिपस्टिक ओढून काढली, उन्हात धरली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं भरलेलं तेल मधासारखं नितळ होतं. आज मंगळवारी त्याच काडीवर दुधाचा चहा चढला होता, वर साय धरलेला.

"काय झालंय?" अमरसिंहनं विचारलं.

"तेलात पानी शिरलंय."

"म्हणजे हेड गॅस्केट गेलं, पाणी आणि तेल वेगळं ठेवतं ते." अमरसिंह पुण्याला राहायचा, आणि दुखण्याचं नाव आधी मोबाइलवर शोधून मगच वैद्याकडे जायची त्याला सवय होती. "काका, राग मानू नका. पण गॅस्केट नवीनच टाकलं होतं ना?"

शेवगाव फाट्यावर गॅरेज टाकून आसारामला छत्तीस वर्षं झाली होती. या छत्तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"चालू करा," एवढंच म्हणाला.

जीप चालू झाली आणि तो आवाज आला. टिक, टिक, टिक, टिक. कुणीतरी आत बसून शिलाई मशीन चालवावं तसा. आठ दिवस खपून नवं केलेलं इंजिन. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. रविवारी अमरसिंहच्या वाड्यावर पोचवलं तेव्हा ते पोट भरलेल्या बैलासारखं शांत होतं.

आसारामच्या कानाची गेवराईत ख्याती होती. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचा नुसता आवाज ऐकून तो त्याचं दुखणं सांगायचा. 'मी हाका मारून मारून घसा बसवून घेते ते यांना ऐकू येत न्हाई, आन् गढीच्या चढावर कुणाचा क्लच घसरतोय ते बरूबर येतं,' असं त्याची बायको चंद्रभागाबाई आल्यागेल्याला सांगायची. त्यानं लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. खाली ठणठणीत. मधे ठणठणीत. वर, मागच्या बाजूला, टॅपेटपाशी मात्र कोरडा आवाज. तिथवर तेल पोचत नव्हतं.

तेल वर चढत नाही म्हणजे खाली काहीतरी अडकलंय. आणि नव्या इंजिनात अडकतं ते बहुतेक मिस्त्रीनं आत विसरलेली चिंधी. दुसऱ्यांच्या कामात त्यानं अशा दोन-चार काढल्या होत्या, आणि त्या मिस्त्र्यांची यथेच्छ टिंगलही केली होती. आता त्याचं वय त्रेसष्ट होतं. चष्मा कुठं ठेवला ते हल्ली आठवत नसे.

"ठेवून जा," तो म्हणाला.

"शुक्रवारी सकाळी न्यायचीच आहे काका. मी शब्द दिलाय."

"शुक्रवारी देतो."

ही जीप अर्जुनरावांची. अमरसिंहचे वडील, पंचक्रोशी त्यांना अण्णा म्हणायची. तीस वर्षं ते या जीपमधून फिरले, आणि तीस वर्षं तिला आसारामखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. काम चालू असलं की अण्णा गॅरेजातल्या खाटेवर आडवे व्हायचे, आणि आसाराम बॉनेटखालून त्यांच्याशी बोलायचा. दोघंही एकमेकांचं तोंड न बघता जगाचा निकाल लावायचे. तसं बोलायला आसारामला नंतर कुणी मिळालं नाही. खाट अजून तिथंच होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णांना ताप आला. स्वतः जीप चालवत ते बीडच्या दवाखान्यात गेले. निघताना बायकोला, छबुबाईंना, म्हणाले, 'येतो गं.' माणूस जाताना येतो म्हणतो, आपल्याकडची रीतच आहे. अकराव्या दिवशी फोन आला. आत कुणाला सोडलं नाही, अंगावर हात फिरवू दिला नाही. घरी आलं ते फडक्यानं तोंड बांधलेलं गाडगं. पुढं पंधरा दिवसांनी ड्रायव्हर बजरंगनं दवाखान्याच्या आवारातून जीप परत आणली. आवाज ऐकून छबुबाई ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेऊन दारात आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी आल्या. हे बजरंगनंच आसारामला सांगितलं होतं.

तेव्हापासून जीप गोठ्याशेजारी कडुलिंबाखाली उभी होती. आणि रस्त्यावर तसल्या इंजिनाचा आवाज आला की छबुबाई अजून हातातलं काम टाकून दारात यायच्या. अमरसिंहला ते बघवत नव्हतं. त्यानं जीप विकायची ठरवली. पुण्याजवळच्या एका हॉटेलवाल्याला जुनी जीप हवी होती, पण चालती. म्हणून इंजिनाचं काम.

अमरसिंह गेल्यावर आसारामनं कंबर कसली. तेलाचा एक थेंब पेचकसाच्या टोकावर घेतला आणि तापलेल्या सायलेन्सरवर टाकला. थेंब फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. पाणी होतंच. मग रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी काठोकाठ, रविवारी होतं तेवढंच, आणि त्यात कुलंट असल्यामुळं हिरवंगार. तेलात मात्र हिरव्याचा मागमूस नव्हता. तरी खात्री करायला त्यानं रेडिएटरला पंपानं हवा भरली आणि दाबाचा काटा तसाच लावून ठेवला. बुधवारी सकाळी येऊन बघितलं तर काटा जागचा हलला नव्हता.

म्हणजे गॅस्केट शाबूत. त्याचं काम शाबूत. आतलं पाणी आतच होतं. हे पाणी बाहेरून आलेलं. आसारामला बरं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं, कारण बाहेरचं पाणी येणार कुठून? दिवस उन्हाळ्याचे. जीप धुतलेलीही नव्हती. आणि टिकटिक अजून बाकीच होती.

दुपारी त्यानं जीपखाली फळकुट टाकलं, त्यावर उताणा झाला, तेल सोडलं आणि खालचं तेलाचं भांडं उतरवलं. पंपाच्या तोंडाला तेल गाळणारी जाळी असते. चिंधी असणार ती तिथंच. त्यानं डोळे मिटून आधी बोटानं चाचपलं.

चिंधी नव्हती. पाला होता.

आधी त्याला वाटलं, लिंबाचा. जीप लिंबाखालीच असायची. त्यानं पाला डिझेलमध्ये हळूच खळबळला आणि तळहातावर पसरला. लिंबाचं पान लांब, करवतीच्या दातांचं. ही पानं बारकी, गोलसर. सात-आठ होती. आणि एक मंजिरी.

तुळस.

आसाराम फळकुटावरच उठून बसला. रविवारची सकाळ त्याच्या डोळ्यांपुढं आली. वाड्यासमोर बॉनेट उघडून तो ऐटीत अमरसिंहला एकेक गोष्ट दाखवत होता. छबुबाई पूजेचं ताट घेऊन बाजूला उभ्या होत्या. तेल भरायच्या झाकणावर टिचकी मारून तो म्हणाला होता, 'हे हिचं तोंड. इथनं तेल पाजायचं.' मिस्त्री लोक असंच बोलतात. अमरसिंहचं लक्षही नव्हतं.

गुरुवारी त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. जाळी धुतली, तेलाच्या वाटा हवेनं साफ केल्या, फिल्टर बदलला, भांडं पुन्हा चढवलं. पानं मात्र टाकून देववेनात. ती त्यानं नट ठेवायच्या डबीत ठेवली.

शुक्रवारी आठ वाजताच बजरंगच्या मोटारसायकलवर मागं बसून छबुबाई आल्या. त्या कधी गॅरेजवर आल्या नव्हत्या. बजरंग चहा सांगायला टपरीवर गेला. आसारामनं खाट झटकून दिली.

"हितंच निजायचे का ते?" त्यांनी विचारलं.

"हितंच."

त्या खाटेच्या कडेवर जरा वेळ बसल्या. मग हात सुंभावरून फिरवत म्हणाल्या, "लई बिघडली का रे? अमर तुला बोलला म्हनं."

आसारामनं डबी उघडून त्यांच्यापुढं धरली. छबुबाईंनी बघितलं आणि पदर सावरला.

"आसं कावून केलं, वहिनी?" त्यानं हळू आवाजात विचारलं. त्यात राग नव्हता.

"राक्षसभुवनहून गंगेचा गडू आनून ठेवला होता ह्यांनी. देवघरात. दोघांत जो आदी जाईल त्याच्यासाटी." त्या डबीतल्या पानांशीच बोलत होत्या. "त्यांच्या तोंडात दोन थेंब पडले न्हाईत, आसाराम. कुनी पाजलं न्हाई. तहान लागली आसल, मागितलं आसल. काय म्हाईत. तीन वरीस माज्या घशाखाली पानी धड उतरलं न्हाई." मग जीपकडं बघून म्हणाल्या, "आता ही बी चालली. ती काय परत येनार हाय? म्हनलं, हिला तरी सुकी जाऊ देऊ नये. तोंड तूच दावलंस."

"समदा गडू वतला?"

"समदा. त्यांच्या वाट्याचा, माज्याबी."

आसारामला खूप काही बोलायचं होतं. इंजिन जळालं असतं, हे तर सांगायलाच हवं होतं. पण त्याला खाटेवर आडवे झालेले अण्णाच दिसत राहिले. त्यालाही तर अण्णांना शेवटचं बघायला मिळालं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर तो दोन दिवस उभा राहून आला होता, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं डबी बंद करून छबुबाईंच्या हातात दिली.

नऊला अमरसिंह आला. पाठीवर पिशवी, डोळ्यांवर गॉगल.

"झाली? काय निघालं शेवटी?"

छबुबाईंनी तोंड उघडलं, पण आसाराम आधी बोलला.

"चूक माजी. गॅस्केट बरूबर हाय. दुसरीकडनं पानी गेलं. मीच वाट दिली त्याला."

अमरसिंहनं गॉगल काढला. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही त्यानं. "काका, अण्णांची गाडी म्हणून तुमच्याकडे दिली. आता वय झालं तुमचं. हाताखाली कुणीतरी ठेवा."

"आरं अमर," छबुबाई कळवळून म्हणाल्या, "त्येचं काय..."

"वहिनी," आसाराम म्हणाला, "तेल भरायचं ऱ्हायलंय. हिकडं या."

त्यानं झाकण काढलं, नरसाळं लावलं, तेलाचा डबा फोडला आणि त्यांच्या पुढं धरला.

"पाजा."

छबुबाईंनी एकदा त्याच्याकडं बघितलं. मग हात पदराला पुसून डबा दोन्ही हातांनी धरला. नितळ तेल संथ धारेनं आत जात राहिलं. आजाऱ्याला पाजताना थांबत थांबत पाजतात, तशा त्या मधेच थांबायच्या. अमरसिंह घड्याळ बघत होता, पण आईचा चेहरा बघून त्यानं हात खाली घेतला. डबा संपल्यावर त्यांनी पदराच्या टोकानं ते तोंड पुसलं आणि झाकण आसारामला लावू दिलं.

जीप चालू झाली. आसारामनं पेचकस उचललाही नाही. टिकटिक गेली होती. तोच जुना, भरल्या पोटाचा आवाज, जो ऐकून गावातली पोरं रस्ता सोडायची. छबुबाईंनी डोळे मिटून घेतले.

अमरसिंहनं वाकून नमस्कार केला. "येतो गं आई," म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला.

जीप फाट्यावरून वळून शेवगावच्या रस्त्याला लागली. पुढं वळणापर्यंत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उसाच्या तुटलेल्या फडांचं पाचट. जीप दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. छबुबाई रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. आसाराम हात पुसत त्यांच्या मागं आला.

थोड्या वेळानं त्यांनी पदर मागं सारला आणि कानाशी हात नेला.

"मला येईना झालं," त्या म्हणाल्या. "तुजा कान लांबचा. येतंय का रे आजून?"

आसारामनं मान तिरपी केली. वळणापलीकडं जीपनं गिअर बदलला, तो अगदी बारीक ऐकू आला.

"येतंय, वहिनी."

एक ट्रॅक्टर गेला. धूळ खाली बसली. आता रस्त्यावर काहीच नव्हतं, पाचटावर वारा होता तेवढाच.

"आता?"

"येतंय," आसाराम म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारायला निघालेल्या बजरंगला त्यानं हातानंच थांबवलं.