लाल चिठ्ठीची शेवंती

वसुधा देवपुजारीच्या हाताला गुण नाही, हे खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. तोंडावर कोणी बोलायचं नाही बरं का. तोंडावर "वहिनी, तुमच्याएवढी मेहनत कोणाची नाही हो!" आणि पाठ वळली की "मेहनत काय चाटायची? हातगुण पाहिजे ना!" अशी आपली रीत.

आणि गंमत बघा, साऱ्या वस्तीत जी पिवळी शेवंती पसरली होती, ती हिच्याच दारची. लग्नानंतर नागपूरहून माहेरची दोन रोपं ती ट्रंकेत ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. दर वर्षी फुटवे काढायची आणि मागेल त्याला द्यायची. भय्यासाहेब घाट्यांच्या शरयूवहिनींनी त्याच फुटव्यांवर उद्यान मंडळाच्या डिसेंबरच्या प्रदर्शनात तीनदा पहिलं बक्षीस मारलं. वसुधेच्या फाटकापाशी मात्र नुसती पानं. हिरवीगार, कमरेएवढी, तब्येतीला ठणठणीत आणि फुलाच्या नावानं शंख! जानेवारी सरता सरता चार किडूकमिडूक कळ्या यायच्या आणि तशाच वाळून जायच्या. एक नाही, दोन नाही, सात वर्षं.

झाड तेच, शरयूच्या हाती फुलतं, वसुधेच्या हाती फुलत नाही. मग खोट कुठं? हातात! झाला निकाल. वटसावित्रीला कोणाच्या अंगणात रोप लावायचं असलं की बायका हिला म्हणायच्या, "तुम्ही बसा हो, पाणी तेवढं घाला." नवरा रत्नाकर, फॅक्टरीत सुपरवायझर, माणूस देवासारखा, पण तोही एकदा बोलून गेला, "राहू दे गं, सगळ्यांच्या हातून सगळं होत नाही." बाकीच्यांचं तिनं सोडून दिलं होतं, हे मात्र जिव्हारी लागलं. पुढं पुढं तर तिलाही ते खरंच वाटायला लागलं आणि देवाच्या फुलांची परडीसुद्धा ती रत्नाकरलाच भरायला सांगू लागली.

मग आलं पासष्ट साल. सप्टेंबरात लढाई पेटली आणि खमरियाचं रूपच पालटलं. फॅक्टरी बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर, खिडक्यांच्या काचांवर काळा कागद, रस्त्यावरचे दिवे बंद. गल्लीच्या तोंडाशी वाळूची पोती रचून चौकी उभी राहिली. तिथं चौकीदाराला वहीत लिहायला म्हणून एकच विजेचा दिवा, तोही तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवलेला, उजेड खाली पडेल तेवढाच. युद्धबंदी झाली, पण रस्त्यावरचे दिवे पुढचा हुकूम येईपर्यंत बंदच राहिले. हिरवळी खणून लोकांनी मुळे, फुलकोबी, वांगी लावली. यंदा फुलं ठेवायची की नाही यावरून उद्यान मंडळाच्या सभेत दोन तास रण माजलं. शेवटी ठरलं, प्रदर्शन भाज्यांचं, आणि फुलांना मागच्या भिंतीशी एक टेबल.

ऑक्टोबर संपता संपता वसुधेच्या शेवंतीला कळ्या आल्या. पहिली कळी दिसली तेव्हा तिला वाटलं कीड लागली. चष्मा लावून पाहिलं, तर कळी! दुसऱ्या दिवशी अकरा, चौथ्या दिवशी मोजणं सोडून दिलं. दृष्ट लागेल म्हणून ती कोणाला बोलली नाही आणि फाटकावर जुनी साडी वाळत घालून तिनं कुंडी झाकून ठेवली. डिसेंबर लागला तसं एकेक फूल ताटलीएवढं झालं. सकाळी उठून ती आधी फाटकाशी जायची आणि मग चूल पेटवायची.

प्रदर्शन रविवारी. त्याआधीच्या गुरुवारी मंडळाचे लोक घरोघर फिरून झाडं पाहून जात. मागं एका साली एका गृहस्थानं शहरातल्या नेपियर टाउनमधून विकतची कुंडी आणून बक्षीस लाटलं होतं, तेव्हापासूनची ही पद्धत. मंडळाचे सेक्रेटरी भय्यासाहेब घाटे फाटकाशी आले, साडी बाजूला केली आणि उभेच राहिले.

"वहिनी, हे काय पाहून राहिलो मी?"

"शेवंती."

"ते कळलं. कोणाची?"

"कोणाची म्हणजे? माझी!"

भय्यासाहेब हसले. त्यांचं ते हसणं वसुधेला मुळीच आवडलं नाही. "सात वर्षं पाला, आणि आठव्या वर्षी एकदम हे? अच्छा, चला, मानलं. पण काहून? खत बदललं?"

"नाही. तेच शेणखत."

"माती?"

"तीच."

"मग काय केलं?"

आता काय सांगणार? तिनं काहीच केलं नव्हतं. "आपोआप आली," ती म्हणाली, आणि हे आपल्याच कानाला किती खोटं लागतंय ते तिला कळलं.

भय्यासाहेबांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली. फॅक्टरीत एखाद्या मालाबद्दल शंका आली की त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतात. कारण सापडेपर्यंत तो माल पुढं सरकत नाही. फॅक्टरीतली ही सवय भय्यासाहेबांनी बागेतही आणली होती. सुतळीनं चिठ्ठी कुंडीच्या काठाला बांधत ते म्हणाले, "रागावू नका वहिनी. रविवारी चिंतामणराव परीक्षक आहेत. त्यांना कारण पटवून द्या, चिठ्ठी निघेल. नाही पटलं तर कुंडी टेबलावर लागणार नाही."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आधी हाताला गुण नव्हता, आता हात चोरटा झाला! बक्षीस गेलं चुलीत, पण ज्या फुलासाठी सात वर्षं जीव टाकला, ते आलं आणि वर विकतचं ठरलं, या विचारानं वसुधेनं ताट तसंच बाजूला सारलं. रत्नाकर बारा तास राबून आला होता. तो म्हणाला, "जाऊ दे ना. नको देऊ प्रदर्शनात. चार दिवसांनी विसरतील लोक."

"सात वर्षांत विसरले का?" ती फणकारली. "आणि मला सांगा, तुम्हाला तरी वाटतं का, मी विकत आणली?"

"नाही गं बाई! पण आली कशी, ते मलाही कळून नाही राहिलं."

तेच तर! अपमानापेक्षाही तिला ते जास्त छळत होतं. वसुधा लहानपणापासून अशीच. घड्याळ टिकटिक काहून करतं म्हणून वडिलांचं घड्याळ उघडून बसलेली पोरगी ती. खत तेच, माती तीच, पाणी त्याच नळाचं, हात हाच. मग यंदा बदललं काय? पावसाचा विचार करून झाला. ऊन सगळ्यांनाच सारखं. फॅक्टरीच्या धुराचा काही गुण असेल म्हणावं, तर धूर दर वर्षीचाच.

शुक्रवारी दुपारी तिला एकदम आठवलं, चौकीवरच्या दोन कुंड्या! चौकी उभी राहिली तेव्हा चौकीदार म्हणाला होता, "बहनजी, बड़ी सूनी लगती है, एकाध गमला दे दो." तेव्हा तिनं याच शेवंतीच्या दोन कुंड्या उचलून दिल्या होत्या. रोज सकाळी पाणीही तीच घालायची. पण घरच्या कुंडीला कळ्या आल्यापासून आपल्याच फुलांच्या नादात तिनं ते काम चौकीदारावर सोपवलं होतं. त्याही फुलल्या असतील! मग साक्षीला तीन कुंड्या. नेपियर टाउनमधून कोणी तीन-तीन कुंड्या आणतं होय? चुलीवरचं दूध तसंच उतरवून ती निघाली.

चौकीपाशी पोचली आणि मटकन पोत्यावर बसली. दोन्ही कुंड्यांत नुसती पानं. कळीचा पत्ता नाही.

हे तर आणखीच वाईट झालं. भय्यासाहेब म्हणतील, बघा, हे वहिनींच्या हातचं आणि ते बाजारातलं! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दिवस कलला, चौकीदारानं डब्यातला दिवा लावला तरी ती तिथंच बसलेली. समोर दिव्याचा पिवळा उजेड त्या दोन कुंड्यांवर पडला होता. पान न् पान दिसत होतं.

"ये रातभर जलती है क्या?" तिनं विचारलं.

"पूरी रात, बहनजी. ड्यूटी है."

ती उठली. गल्लीत अंधार गुडुप झाला होता. काय म्हणावं, कोणाला सांगावं, याच विचारात ती आपल्या फाटकाशी आली आणि कपाळ धाडकन लोखंडी खांबावर आपटलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. "मेल्या, तू रे कुठं..." म्हणत तिनं वर पाहिलं आणि शिवी तोंडातच राहिली. तो फाटकाशेजारचा दिव्याचा खांब होता. सप्टेंबरपासून विझलेला. आणि त्याच्या बरोब्बर खाली फुललेली शेवंती.

कपाळावर टेंगूळ घेऊन ती घरात धावली. "अहो! दिवा! आपला दिवा!"

आता या दिव्याची कथा अशी. अठ्ठावन्न साली, लग्न होऊन आल्या आल्याच वसुधा अंधारात फाटकाशी पडून पाय मुरगळून बसली, तेव्हा रत्नाकरनं तीन अर्ज करून आणि चार साहेबांचे उंबरे झिजवून तो खांब मुद्दाम आपल्या फाटकाशी उभा करून घेतला होता. बायकोसाठी केलेल्या कामांत त्याचा सगळ्यात जास्त अभिमान याच कामाचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिवा दाखवायचा.

तो हसला. "वेडी का तू? झाडाला उजेड नको असतो होय? उजेडावर तर जगतं ते!"

"दिवसाचा हवा. रात्रीचा नको असेल! आपल्यालाही डोळ्यांवर दिवा आला की झोप लागत नाही. शरयूवहिनींच्या कुंड्या कुठं असतात? मागच्या भिंतीशी, काळोखात. माझ्या दिव्याखाली. यंदा इथला दिवा गेला तर फुललं, आणि चौकीवर दिवा आहे तर नाही फुललं!"

रत्नाकरचं हसू मावळलं. त्या रात्री तो जेवला, पण पानात काय होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

रविवारी मैदानात शामियाना. पुढं फुलकोबीचे गड्डे, हातभर लांब मुळे, तेल लावून चकाकवलेली वांगी. चिंतामणराव फॅक्टरीत तपासणीचं काम करत आणि इथंही व्हर्निअर घेऊनच येत. टोमॅटोसुद्धा मापून पाहायचे! वसुधेनं तिन्ही कुंड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. एक फुललेली, लाल चिठ्ठीसकट. दोन नुसत्या पानांच्या. माणसं गोळा झाली. शरयूवहिनी पदर सावरत पुढं आल्या.

वसुधेनं आधी अडखळत सुरुवात केली, पण सांगता सांगता ती विसरूनच गेली की आपल्यावर आळ आहे. तिला त्या गोष्टीचीच इतकी मौज वाटू लागली, की चिंतामणराव मान हलवतात की नाही याकडेही तिचं लक्ष राहिलं नाही. चौकीदारानं साक्ष दिली. चिंतामणरावांनी तिन्ही झाडांची पानं एकमेकांवर ठेवून पाहिली, देठ पाहिले, मातीत बोट घातलं.

"झाड एक," ते हळूहळू म्हणाले, "माती एक. हात एक. फरक फक्त दिव्याचा. शरयूताई, तुमच्या कुंड्यांपाशी दिवा आहे का हो?"

"नाही बाई," शरयूवहिनी म्हणाल्या. "मागं तर रात्री हाताला हात दिसत नाही."

चिंतामणरावांनी खिशातून चाकू काढला, सुतळी कापली आणि चिठ्ठी चुरगाळून टाकली. भय्यासाहेबांनी घसा खाकरून "वहिनी, माफी बरं का," म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं, हे सांगायलाच हवं.

तेवढ्यात मागून रत्नाकर पुढं आला. चेहरा पडलेला. "तो दिवा मी लावून घेतला होता," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तिचा पाय मुरगळला होता म्हणून. सात वर्षं तिच्या फुलांच्या मुळावर मीच उठलो होतो आणि वर तिलाच म्हणालो, तुझ्या हातून होत नाही."

वसुधेला त्याचा राग यावा की कीव, कळेना. दोन्ही आलं. "दिवा माझ्यासाठीच लावला होता तुम्ही," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. पण सात वर्षांत एकालाही दिवा दिसला नाही हो. सगळ्यांना माझा हातच दिसला. मलासुद्धा!"

मग शरयूवहिनींनी तिचे दोन्ही हात धरले. "आता बघा, मी सगळ्यांना सांगते, वसुधावहिनींचा हातगुण म्हणजे हातगुण!"

"नका सांगू," वसुधा म्हणाली. "हातगुण असता तर सात वर्षं दिव्याला घाबरला नसता. हाताचं काही नव्हतंच त्यात."

चिंतामणराव फुलाला व्हर्निअर लावून आकडे टिपू लागले. लोक टेबलाभोवती दाटले. पहिला नंबर कोणाचा, यावर पैजाही लागायला लागल्या. तेवढ्यात कोणी तरी वसुधेचा पदर ओढला. पलीकडच्या ब्लॉकमधली भानुमती होती, लग्न होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, कधी कोणात न मिसळणारी. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, "वहिनी, माझं लोणचं दर साली नासतं. सासूबाई मला बरणीला हात लावू देत नाहीत आता. म्हणतात, हातच वाईट."

वसुधा टेबलाकडे पाठ करून तिच्याकडे वळली.

"बरणी कुठं ठेवता तुम्ही?" तिनं विचारलं.

"न्हाणीघराच्या भिंतीला. फळीवर."

"ती भिंत ओली असते?"

भानुमतीनं कधी भिंतीला हात लावून पाहिलाच नव्हता.

मागं चिंतामणराव नंबर वाचायला उभे राहिले, भय्यासाहेबांनी "शांतता, शांतता" म्हणून टेबलावर थापा मारल्या आणि रत्नाकर मान उंच करून बायकोला शोधू लागला. वसुधा तोवर भानुमतीचा हात धरून मैदानाच्या बाहेर पडली होती आणि झपाझप चालता चालता विचारत होती, "फळी कोणत्या बाजूला आहे? आणि मीठ कधी घालता?"