न पिळलेला कान

या, जरा पुढे सरका. लांब बसलात की गोष्ट अर्धीच पोचते, आणि उरलेली अर्धी माणूस आपल्या मनाने लावतो. आज एका सासूची आणि सुनेची गोष्ट सांगते. घाबरू नका, भांडणाची नाही. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलची आहे. पाऊण तास पाय मारायचे, घामाने न्हायचं आणि उतरायचं ते चढलो होतो त्याच फरशीवर. हसू नका, देवाकडे जायला निघालेल्या आपल्यासारख्यांचंही बरेचदा असंच होतं.

तर एक व्यायामशाळा होती. तळमजल्यावर लांबट खोली, एका भिंतीला आरसा, तीन ओळींत बारा सायकली आणि त्यांच्या समोर शिकवणाऱ्याची तेरावी. गाणी लागतात, शिकवणारा सांगेल तसे सगळे पाय मारतात. हँडलच्या खाली एक लाल नॉब असतो. तो पिळला की चाक जड होतं. म्हणजे चढ लागला असं समजायचं. खोलीत ना रस्ता, ना डोंगर. गाणं आणि तो नॉब, एवढ्यावर सगळा प्रवास.

आपली सून तिथे दोन वर्षं दाराशी बसायची. टॉवेल द्यायची, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायची, "बूट बदलून या हं" म्हणायची. शिकवण्याचा कोर्स तिने केव्हाच पुरा केला होता. प्रमाणपत्र टेबलाच्या खणात टॉवेलांच्या यादीखाली पडून होतं. मग सकाळच्या वर्गाचे सर दुसऱ्या गावी गेले आणि मालकीणबाईंनी तिला बोलावलं. या बाई पूर्वी पोहायला शिकवायच्या. बोलणंही तसंच, एकदम पाण्यात ढकलणारं.

"शनिवारी सातचा वर्ग तू घे. बारा चढले पाहिजेत आणि शेवटपर्यंत बारा राहिले पाहिजेत. मधेच एक जरी उठून गेला, तर तू तुझ्या टॉवेलांकडे आणि मी नव्या माणसाच्या शोधात. चालेल?"

"चालेल," सून म्हणाली. आणि परत येऊन तिने खणातलं प्रमाणपत्र टॉवेलांच्या यादीवर काढून ठेवलं.

अडगळीतली एक जुनी सायकल बाईंनी तिला आठवडाभर घरी न्यायला दिली. तिच्यावरचा आकडे दाखवणारा पडदा कधीच गेला होता, पण चाक फिरत होतं. नवऱ्याने आणि त्याच्या मित्राने ती जिन्यावरून वर आणली, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी उभी केली आणि दोघंही गॅलरीत जाऊन दमले.

सुनेने चौकटींची वही काढली. आठ गाणी निवडली. पहिलं पाय मोकळे करायला, दुसऱ्याला छोटा चढ, मग वेग, मग मोठा चढ, असं करत शेवटचं श्वास खाली आणायला. प्रत्येक गाण्यासमोर मिनिटं, बसून की उभं राहून, आणि नॉब किती वेळा पिळायचा ते. मोठ्या चढाचं गाणं सहा मिनिटांचं होतं आणि ते तिला फार आवडायचं, म्हणून चढही सहा मिनिटांचा झाला. गाणं आवडलं म्हणून डोंगर वाढवलेला तुम्ही कुठे पाहिलाय का? पण नव्या शिकवणारीचं असंच होतं. बाजारात दिसलेली प्रत्येक भाजी तिला एकाच पातेल्यात हवी असते.

आता हे सगळं कुणाच्या तरी पायांवर करून बघायला हवं. नवऱ्याला विचारलं, तर त्याची पाठ त्याच क्षणी दुखायला लागली.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही? आणि गुडघा?"

"गुडघ्याला कशाला विचारायचं? तो नाहीच म्हणणार."

सासूबाई पासष्टीच्या. एका मोठ्या कचेरीत तीस वर्षं टेलिफोनवर होत्या. साहेब समोर शेंगदाणे खात बसलेले असले, तरी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं, की ऐकणाऱ्याला साहेबांची दया यायची. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. दुसरं म्हणजे त्यांना कीर्तनाचं वेड. रेडिओवर लागलं, की हातातलं काम तसंच आणि मांडीवर ताल सुरू. नॉबला त्या पहिल्याच दिवशी कान म्हणायला लागल्या. चाक शहाणं व्हायचं तर त्याचा कान पिळायला नको का!

पहिल्या संध्याकाळी त्यांनी कान खरोखर पिळला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्या उतरल्या, भिंत धरली आणि "पाणी" म्हणाल्या.

सुनेने वही ओढली. वहीतलं पान फाडलं, त्याची बारीक घडी घातली, दोरीवरचे कपडे काढून आणले आणि एकेक टॉवेल नीट चौकोनी घडी करत बसली. मग टॉवेलाकडेच बघत म्हणाली, "मी आपले टॉवेलच देते, आई. ते मला चांगलं येतं."

हे वाक्य सासूबाईंना गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

दुसऱ्या संध्याकाळी त्या पुन्हा बसल्या. दुसरं गाणं लागलं.

"चढ आलाय हं! एकदा पिळा. पिळला?"

"पिळला!"

"अजून एकदा. पिळला?"

"पिळला की!"

तुम्हाला म्हणून सांगते, हात नॉबवर होता, पण नॉब जागचा हलला नव्हता. साहेब मीटिंगमध्ये होते. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. किती पिळलाय ते बसणाऱ्याला ठाऊक आणि देवाला, आणि देव चहाडी करत नाही. सासूबाईंनी त्या रात्री त्याला समजावूनही सांगितलं: "हे खोटं नाही हं, हे प्रोत्साहन आहे." देव काहीच बोलला नाही. समोरचा गप्प राहिला म्हणजे होकार समजायचा, ही कचेरीतली सवय.

सुनेचा चेहरा मात्र उजळला. नवीन पान, नवीन पेन्सिल. सासू हसत हसत चढतेय म्हटल्यावर तिने चढ वाढवला. तरी त्या हसतातच. मग आणखी वाढवला. बुधवारपर्यंत मोठ्या चढाला पाच पिळे झाले, त्यातले दोन उभं राहून. नवरा शेजारीपाजारी सांगत सुटला, "आमची आई म्हणजे घोडा आहे, घोडा!" आणि खरं सांगायचं तर, सासूबाईंना ते गोडही लागायला लागलं. स्तुती अशीच असते. आधी दारात उभी राहते, मग खुर्ची मागते.

गुरुवारी त्यांनी चाचपून बघितलं. "अगं, लोकांना जरा जड नाही का जाणार?"

"आई, तुम्ही पासष्टीच्या. गुडघा दुखतो. तरी गप्पा मारत चढता. ते तर चाळिशीच्या आतले."

सासूबाईंनी विषय बदलला. "आणि तू गाण्यावर फार बोलतेस. आमचे बुवा बघ. एक ओळ गातात आणि थांबतात. त्या थांबण्यात माणसाच्या डोळ्याला पाणी येतं."

"मला कुणाला रडवायचं नाहीये."

"त्याची काळजी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि पटकन जीभ चावली.

शनिवार उजाडला. अकरा नावं आली होती, बारावी सायकल रिकामी. सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा शेवटच्या ओळीत. तुम्ही दिसलात की मला धीर येतो." आता आली का पंचाईत? लोकांत बसून पिळावा तर दुसऱ्या गाण्याला उतरणार, आणि बारातली एक जाणार. न पिळावा तर पुन्हा खोटा घोडा.

शेजारच्या सायकलवर दातांचे डॉक्टर होते. अंगाने भरलेले, हसरे. सासूबाईंची दाढ त्यांनीच काढलेली. मालकीणबाई दारात उभ्या, हातात पाण्याचा रिकामा जग.

पहिलं गाणं छान गेलं. छोट्या चढाला खोलीतली माणसं फुसफुसली. वेगाच्या गाण्याला कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. आणि मग मोठा चढ लागला.

सून मनापासून ओरडत होती, "पिळा! शाब्बास! अजून एकदा! थांबू नका, वर बघा, शिखर दिसतंय!" शिखर कुणाला दिसत नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला गाणं पुढे गेलं आणि पाय मागे राहिले. तिसऱ्या पिळ्याला पहिल्या ओळीतली कॉलेजची मुलगी उतरली आणि पाण्याची बाटली घेऊन भिंतीला टेकून बसली. सुनेने आरशातून ते पाहिलं. तिचा आवाज अडखळला, आणि अडखळू नये म्हणून ती आणखीच जोरात बोलायला लागली.

शेवटच्या ओळीत मात्र एक बाई गाण्याच्या बरोब्बर तालावर, वाऱ्यावर तरंगल्यासारखी चालली होती.

डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "आजी... माझ्या दवाखान्याचा जिना... तुम्हाला दोनदा थांबून चढावा लागतो... आणि इथे..."

"गाण्याचा जोर असतो हो," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही, नाही. पासष्टीची बाई गुणगुणत चढतेय आणि मी... लाज वाटते. मी उतरतोच." आणि त्यांनी एक पाय खरोखर काढला.

सासूबाईंनी समोर पाहिलं. आरशात सुनेचे डोळे त्यांच्यावरच लागलेले, जणू खोलीत तेवढाच एक दिवा आहे. खरं बोललं तर तो दिवा सगळ्यांदेखत विझणार. नाही बोललं तर आधी डॉक्टर जाणार, मग त्यांच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा.

"डॉक्टर, पाय ठेवा परत," त्या म्हणाल्या. "माझा कान, म्हणजे हा नॉब, पिळलेलाच नाही. शून्यावर आहे. आठवडाभर शून्यावरच आहे."

डॉक्टरांनी पाय परत ठेवला. मग हसले. दातांच्या डॉक्टरांचं हसणं, त्यांना तोंड उघडायची भीती नसते. गाण्याच्या वरून ऐकू गेलं. पुढच्या ओळीने "काय झालं?" विचारलं, तिला सांगितलं गेलं, तिने तिच्या पुढच्या ओळीला सांगितलं, आणि असं करत ते सुनेपर्यंत पोचलं.

सुनेने आरशात पाहिलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी आपले कान धरले होते. हात हँडलवर नाहीत, पाय भिंगरीसारखे फिरतायत, आणि हे म्हणे मोठ्या चढावर! आणखी पुरावा कशाला हवा?

त्या दिवशी पहिल्यांदा सून गप्प झाली. गाण्याच्या दोन ओळी कोऱ्या गेल्या. कुणी कुणाकडे बघेना. मग ती बोलली, ओरडली नाही.

"सगळ्यांनी सोडून द्या. पार शून्यावर आणा."

नॉब उलटे फिरले. खोलीभर श्वास सुटला.

"आता फक्त गाणं ऐका. पाय त्यात येऊ द्या. मग वाटलं तर पिळा. नाही वाटलं तर नका पिळू. मला इथून दिसत नाही, आणि मी विचारणारही नाही."

आणि ती खरंच बोलायची थांबली. हळूहळू एकेका चाकाचा आवाज दुसऱ्यात मिसळला. भिंतीशी बसलेली मुलगी थोडा वेळ मान हलवत राहिली, मग बाटली ठेवून परत सायकलवर चढली. कुणीतरी नॉबला हात घातला. कुणीतरी उभं राहिलं, न सांगता. डॉक्टर लाल होऊन, दात दाखवत चढत होते.

शेवटच्या ओळीत सासूबाईंनी नॉब पाव फेरा पिळला. त्या आठवड्यातला दुसरा खरा पिळा. गुडघ्याने लगेच विचारलं, हे काय? त्यांनी त्याला सांगितलं, गप बस, देणं आहे. आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तो पाव फेरा त्यांनी सोडला नाही.

वर्ग संपला. घामाघूम माणसं टॉवेल मागायला दाराशी गेली, तर टेबलामागची खुर्ची रिकामी; टॉवेल देणारी आज शिकवत होती. सगळे पुन्हा हसले. मालकीणबाई सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"त्या... एक जण मधे उतरली होती," सूनच आधी म्हणाली.

"असेल. मी मधे पाण्याची टाकी बघायला गेले होते," बाई म्हणाल्या. हातातला जग अजून कोरडाच होता. "गेले तेव्हा बारा होते, आले तेव्हा बारा. सोमवारपासून सकाळचा वर्ग तुझा. आणि तो सहा मिनिटांचा डोंगर आहे ना, तो तेवढा पाडून टाक."

बूट बदलताना सून सासूच्या शेजारी बाकावर बसली. बराच वेळ नाडी सोडत होती.

"आठवडाभर, आई?"

"पहिल्या दिवशी पिळला होता ना! मी उतरले, तर तू टॉवेलांचं बोललीस. मला ते ऐकवेना."

"मला सांगायचं तरी."

"सांगणार होते. मग तुझा नवरा घोडा म्हणाला."

सुनेला हसू आलं. ते आवरून तिने विचारलं, "उजवाच ना?"

"काय उजवा?"

"गुडघा. उतरताना आत्ता दिसलं."

घरी गेल्यावर तिने चौकटींचं नवीन पान काढलं. गाणी लिहायच्या आधी सगळ्यात वर एक ओळ लिहिली, आईंचा उजवा गुडघा. मग त्याला झेपेल तेवढा चढ मोजला. अडीच मिनिटं, पाव फेरा. आवडत्या गाण्याची उरलेली साडेतीन मिनिटं तिने सपाट रस्त्याला दिली, त्यात काही बोलायचं नाही असंही लिहून ठेवलं.

संपली गोष्ट. ऐकणाऱ्याने काही द्यावं लागत नाही, पण मी एक मागते. उद्या हात जोडाल तेव्हा आपली माणसं आठवून झाली, की त्या शेवटच्या ओळीतल्या बाईंची आठवण काढा. खोटं बोलल्या ते घरात, दार लावून. कान धरले ते मात्र सगळ्यांसमोर. त्यांच्या गुडघ्यासाठी एक शब्द टाका. उजव्या.