साहेब जेवेपर्यंत

टेंभी नाक्याच्या मागच्या आळीत टिपणिसांच्या घरी सकाळी पहिल्यांदा चुलीवर चढायची ती सुई. मंदाकिनीबाई काचेची पिचकारी आणि सुई पातेल्यात उकळून ठेवत, आणि हरिहरराव खोलीचे दार लावून मांडीत इन्शुलिन टोचून घेत. दार लावायचे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. त्यांच्या मुलीचे, चित्राचे, लग्न जमत आले होते. कल्याणच्या स्थळाकडून पत्रिका जुळल्याचा निरोप होता, आणि बापाला मधुमेह आहे हे कळले की उद्या मुलीलाही होईल म्हणून लोक पाय मागे घेतात. शिकलीसवरलेली माणसे बरे का ही. पत्रिकेतला मंगळ एक वेळ चालवून घेतील, पण व्याह्याच्या लघवीतली साखर चालायची नाही.

"जेवायला उशीर करू नका हो," डबा हातात देताना मंदाकिनीबाई रोज म्हणत.

"नाही करत," हरिहरराव रोज म्हणत. हे खोटे होते.

आणखीही एक गोष्ट त्यांनी घरी लपवली होती. डॉक्टर सबनिसांनी त्यांना बजावले होते की सुई घेतल्यावर वेळेवर पोटात अन्न गेलेच पाहिजे, नाही तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, जीभ जड होते, माणूस दगावतोसुद्धा. तसे वाटले की ताबडतोब साखर तोंडात टाकायची. हे सगळे सांगितले तर बायको कामावर जाऊ देणार नाही, म्हणून ते गप्प राहिले. मंदाकिनीबाईंना एवढेच ठाऊक, की साखर म्हणजे यांना विष. एकदा कोटाच्या खिशात त्यांना खडीसाखर सापडली, ती त्यांनी मोरीत फेकली आणि वर विचारले, "लहान मूल आहात का चोरून खायला?" हरिहरराव नुसते हसले, आणि पुन्हा खिशात साखर ठेवली नाही. अहो, हसता काय, तोंड उघडायचे होते ना तेव्हा. पण आपल्याकडचा पुरुष बायकोला आपले दुखणे अर्धेच सांगतो आणि त्यालाच तिची काळजी घेणे म्हणतो.

हरिहरराव ठाण्यातल्या एका बटणांच्या कारखान्यात हेडक्लार्क होते. भोंगा सकाळी आठचा, सुटका मात्र साहेबांच्या मर्जीवर. मॅनेजर कोठारेसाहेब दादरहून सावकाश यायचे, म्हणून दिवे लागल्यावरही बसायचे. ते उठेपर्यंत कुणी उठायचे नाही, आणि त्यांचा डबा उघडेपर्यंत कुणी आपला डबा उघडायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. साहेबांनीही तो कधी घातला नव्हता. वडील माणसाआधी घास घेऊ नये हे घरचे वळण जुन्या कारकुनांनी कचेरीत आणले आणि त्याला शिस्त असे नाव दिले. घरातला वडील माणूस निदान "जेवून घ्या रे पोरांनो" म्हणतो तरी. इथे तसे म्हणायचे कुणाला कधी सुचले नाही.

प्रभाकर चित्रे नावाच्या दमेकरी कारकुनाने एकदा संध्याकाळी वेळेवर सोडण्याची विनंती केली होती. "ही कचेरी आहे, धर्मशाळा नव्हे," साहेब म्हणाले, आणि पुढल्या महिन्यात प्रभाकरच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला. तेव्हापासून त्या कचेरीत कुणीही आजारी पडेनासे झाले.

मग एका मंगळवारी मुंबईहून दोन बडे पाहुणे माल बघायला आले. साहेब त्यांच्याशी बोलत बसले आणि जेवायची वेळ टळून गेली. शेजारच्या टेबलावरच्या मधु गुप्त्याने मान वर करून पाहिले, तर हरिहररावांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"अहो टिपणीस, दोन घास खाऊन घ्या ना. मी बघतो इकडचं."

"साहेब अजून बसलेत. बरं दिसत नाही रे."

"मग आत जाऊन सांगू का, तुम्हाला बरं वाटत नाही म्हणून?"

"खबरदार. एकदा चित्राचं होऊन जाऊ दे, मग बघू."

थोड्या वेळाने आतून नमुन्यांची पेटी मागवली गेली. हरिहरराव ती घेऊन निघाले, पण पाऊल वाकडे पडत होते. साहेबांच्या दारातच त्यांनी चौकट धरली, पेटी हातातून सुटली, बटणे खोलीभर घरंगळली. साहेब काही विचारताहेत हे त्यांना दिसत होते. जड जिभेने ते म्हणाले, "जेवा ना हो... आता जेवा ना."

एक पाहुणा हसला. "काय कोठारे, दारूबंदी ठाण्यापर्यंत पोचली नाही वाटतं?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "घेऊन जा याला. उतरली की बघतो."

हरिहरराव सुपारीचे खांडही तोंडात टाकत नाहीत हे साऱ्या कचेरीला ठाऊक होते. मधु अर्धा उठला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. तो खाली बसला. या बसण्याला काय नाव द्यावे ते तुम्हीच सांगा. सगळे बसून राहिले, आणि दरवान सहदेवने एकट्याने हरिहररावांना टांग्यात घालून घरी आणले.

ओटीवर निजवले तेव्हा ते अजून ओठ हलवत होते. घेरी आलेल्या माणसाला कुणीही देते तसे शेजारच्या शीलावहिनी फुलपात्रात साखरपाणी घेऊन धावल्या. "घ्या भावोजी, घोटभर घ्या, बरं वाटेल."

मंदाकिनीबाईंनी ते हिसकावून घेतले. "साखर नको. विष आहे ते त्यांना. मधुमेह आहे त्यांना, मधुमेह." इतके दिवस दाराआड जपलेले त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या. मग त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटला आणि त्याचा रस नवऱ्याच्या ओठांना लावला. काय करतील बिचाऱ्या, त्यांना जेवढे सांगितले होते तेवढे त्या जीव तोडून पाळत होत्या.

डॉक्टर सबनीस कळव्याला पेशंट बघायला गेले होते. ते आले, त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिले, बराच वेळ नाडी धरून बसले. हरिहररावांनी डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गेले.

"कशाने झालं हो डॉक्टर?" मंदाकिनीबाईंनी विचारले.

"सुई घेतलेली आणि पोटात अन्न नाही. कुणी थोडं साखरपाणी पाजलं असतं तरी..." शीलावहिनींचा चेहरा बघून डॉक्टर थांबले, पण उशीर झाला होता.

मंदाकिनीबाई रडल्या नाहीत. "म्हणजे मीच," एवढेच म्हणाल्या. पुढे कुणी कितीही समजूत घातली तरी त्यांचे उत्तर हेच. चित्रा आईच्या मांडीवर डोके ठेवून हुंदके देई आणि म्हणे, "आई, तू नाही गं." आईला ते पटत नसे. आणि ज्यांना खरोखर टोचायला हवे होते ते दोन्ही वेळ सुखाने जेवत होते.

कोठारेसाहेब समाचाराला आले. मागे मधु आणि बाकीचे कारकून.

"टिपणिसांनी कधी रजा मागितली नाही," साहेब म्हणाले. "असा माणूस मिळायचा नाही. आजाराचं मात्र आधी सांगायला हवं होतं त्यांनी."

"सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतंत?" मंदाकिनीबाईंनी विचारले.

साहेब वाईट माणूस नव्हते, तोंडावर खोटे बोलायचे त्यांनी टाळले. "कचेरी चालवायची असते, बाई," ते म्हणाले. मधुने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

कल्याणच्या मंडळींना आळीतूनच कळले आणि पत्रिका परत आली. चित्रासाठी दुसरे स्थळ आजवर मिळालेले नाही.

वाचकहो, तुम्ही कुणाचे साहेब असाल तर आज दुपारी जरा खोलीबाहेर या आणि तुमच्यासाठी कोण उपाशी बसले आहे ते बघा. साहेब नसाल तर शेजारच्या टेबलावर बघा. बघाल की नाही कोण जाणे, मला फारशी आशा नाही.

कारण हरिहररावांची जागा महिन्याच्या आतच भरली. आंबिवलीहून विठ्ठल सुळे नावाचा होतकरू तरुण मुलाखतीला आला होता. अक्षर सुरेख, हिशेब पक्का. साहेब प्रसन्न झाले. शेवटी त्यांनी विचारले, "तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत, साहेब," तो म्हणाला, आणि जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत त्याने खोकला दाबून धरला.