गाऱ्हाण्याला ओ

केरूचं बंद पडलेलं हृदय रत्नागिरीच्या डॉक्टरांनी शॉक देऊन पुन्हा चालू केलं. लांज्याजवळच्या त्याच्या वाडीत हा मोठाच चमत्कार ठरला. "दादा, वर जाऊन आलात! काय बघितलात?" येईल तो विचारी. केरू "उजेड" म्हणे आणि तोंड फिरवी.

घरी आल्यापासून तो आडवा झाला नव्हता. भिंतीला टेकून बसे. डोळा लागला की दचकून उठे. त्यात शिमगा तोंडावर आलेला. देवाच्या पालखीपुढे गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्या गावासाठीचं मागणं, दरवर्षी केरू घालायचा आणि त्याच्या वाक्यावाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. यंदा त्याने मानकऱ्यांना निरोप धाडला, "दुसरा कोण बघा."

तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. "काळीज चालतंय, पण माणूस कुठाय?" बायकोने, तुळसाने, डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी दोघांना मनाच्या डॉक्टरांकडे, सुनेत्राबाईंकडे पाठवलं.

केरू दारातच अडला. "मी काय वेडा झालो?"

"झाला असतात तर बडबडलात तरी असतात. चला आत," तुळसा म्हणाली.

सुनेत्राबाईंनी सरळ विचारलं, "काका, उजेड दिसला, तर मग झोपायला का भिता?"

केरूने एकदा पाठीमागे वळून बघितलं.

"उजेड नव्हता वो. काळोख. पाठीमागे कोणतरी उभा, आणि मला वळता येत नाय. घाबरून गाऱ्हाणं घातलं. कोणी 'व्हय' म्हटलं नाय. परत घातलं. कोण नाय. गावासाठी इतकी वर्षं घातलं, माझ्या वेळेला कोण नाय. काहीतरी पाप असणार माझं."

"असं भयंकर काही बघून परतलेली माणसं आहेत, काका. चांगली माणसं. ते का दिसतं, मला पुरतं सांगता येणार नाही. पण ती शिक्षा नव्हे. तिथलं गाऱ्हाणं आठवतं?"

"सगळं."

"मग इथे घाला."

केरूने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू वाट चुकलाय..." आणि सवयीने तो 'व्हय'साठी थांबला.

पालखीपुढे ओ द्यायची ती पुरुषांनी. तुळसाने आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिने डोक्यावर पदर घेतला.

"व्हय म्हाराजा."

केरू रडत रडत शेवटपर्यंत बोलला. सुनेत्राबाईंनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. शिमग्याचं मग बघू म्हणाल्या.

दुपारी घरी पोचल्यावर त्याने ओटीवर चटई पसरली आणि जपून कुशीवर पडला. मध्येच दचकला.

"आहेस ना?"

"व्हय," तांदूळ निवडता निवडता तुळसा म्हणाली.